एका रकान्यात न मावणारे घर

जनगणनेचा प्रगणक दाराशी येतो, वय विचारतो, शिक्षण विचारतो आणि मग विचारतो, "मातृभाषा कोणती?" उत्तर एका शब्दाचे हवे असते. फोंडे-डिचोलीकडच्या पुष्कळ हिंदू घरांत बोलणे कोंकणीत, आरती आणि कीर्तन मराठीत, आणि आजोबांच्या पेटीतील जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आली. बेळगावकडील मराठी गृहिणीला शेजारणीशी कानडीत बोलताना आपण काही ओलांडून पलीकडे गेलो असे वाटतही नाही. अशा घरांनी एका शब्दात काय सांगावे? भारतात भाषा किती, ह्या प्रश्नाला प्रत्येक काळी निराळे उत्तर आले, त्याचे मूळ बरेचसे ह्या एका शब्दाच्या अटीत आहे असे आम्हांस वाटते.

शिवाय प्रश्नही स्थिर नव्हता. १८८१ साली मातृभाषा विचारली. १८९१ साली आईबापांची भाषा. १९०१ साली नित्य वापरातील भाषा. १९११ साली घरात बोलली जाणारी. १९३१ पासून पुन्हा मातृभाषा. अलीकडच्या सूचनांत तिची व्याख्या अशी आहे की, बालपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली ती मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर घरात मुख्यत्वे बोलली जाणारी. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी कुटुंबाने १८९१ साली दिलेले उत्तर आणि दहाच वर्षांनी दिलेले उत्तर निराळे पडले असते, आणि दोन्ही खरी असती.

शिरगणतीच्या ह्या रीतीहून निराळी वाट जॉर्ज ग्रियर्सन ह्यांनी धरली. बिहारमध्ये मुलकी अधिकारी म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षे काढली होती. १८८६ साली व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत भारतीय भाषांच्या पाहणीचा आग्रह धरला गेला, १८९४ च्या सुमारास कामास आरंभ झाला, आणि १९०३ ते १९२८ ह्या काळात तिचे अकरा खंड छापून निघाले. माणसे मोजण्यापेक्षा भाषेचे नमुने गोळा करण्यावर त्यांचा भर होता. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलीत उतरवून मागविली गेली. कथा निवडण्याचे कारण धर्मप्रसाराचे नव्हते: तिच्यात तिन्ही पुरुष येतात, बहुतेक विभक्ती येतात, तिन्ही काळ येतात. येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून तीत थोडा शाब्दिक फेरफारही केला. अखेरीस १७९ भाषा आणि ५४४ बोली असा हिशेब निघाला. मात्र मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने पाहणीतून वगळली होती. म्हणजे तंजावरची मराठी तिच्या कक्षेबाहेर राहिली, आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याचीही तीच गत झाली. आजही ह्या आकड्यांचा दाखला देणारे ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

ग्रियर्सन ह्यांनी एक मार्मिक अनुभव नोंदविला आहे. खेड्यातल्या माणसाला पन्नास मैलांवरच्या लोकांच्या बोलीचे नाव ठाऊक असते. स्वतःच्या बोलीला मात्र नाव असते हेच त्याला माहीत नसते. आपण बोलतो ती नुसती शुद्ध भाषा! त्यामुळे पाहणीतील कित्येक नावे ही त्या लोकांनी नव्हे, तर शेजाऱ्यांनी ठेवलेली आहेत.

नावाचा हा घोळ आमच्या गोमंतकाला फार जुना. १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स ह्याचे ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यानेच रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली निघाले, पण त्याच्या मथळ्यावर कोंकणी हा शब्द नाही. तेथे भाषेचे नाव 'कानारी' असे आहे. एकच माणूस पुराण एका भाषेत रचतो आणि व्याकरण दुसरीचे लिहितो. म्हणजे दोहोंतील अंतर त्याच्या कानाला स्पष्ट होते. पुढे १९०५ साली ग्रियर्सन ह्यांच्या सातव्या खंडात, जो स्टेन कोनौ ह्यांनी सिद्ध केला, कोंकणीला मराठीची बोली म्हणून जागा मिळाली. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. भाषा की बोली ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. दोन्ही भाषांत निघणाऱ्या पत्राला ते शोभणारही नाही. एवढेच ध्यानी घ्यावे की ह्या साऱ्या काळात घरातले बोलणे एखाद्या खंडाची वा ठरावाची वाट पाहत थांबले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा तक्त्यांत स्वतंत्रपणे छापणे बंद झाले. २०११ साली लोकांनी दिलेली नावे १९,५६९ भरली. छाननीनंतर १३६९ उरली, आणि त्यांचे गट पाडता पाडता १२१ भाषा शिल्लक राहिल्या. गट कसे पडतात ते पाहण्याजोगे आहे. मालवणी हे नाव कोंकणीच्या खात्यात जाते. मालवणातील दोन सख्ख्या भावांपैकी एकाने 'मालवणी' म्हटले आणि दुसऱ्याने 'मराठी', तर एकाच चुलीपाशी बसलेले ते दोघे दोन भाषांचे होतात. अहिराणी मराठीत येत नाही; ती खानदेशी ह्या वेगळ्या नावाखाली जाते. हिंदीच्या छत्राखाली तर ५६ नावे आहेत, आणि त्यांतील एकट्या भोजपुरीचे भाषक पाच कोटींवर आहेत. कारकुनी सोयीचे म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण त्याच आकड्यांवर पुढे शाळा आणि पाठ्यपुस्तके ठरतात, म्हणून आम्हांस ते निर्दोष वाटत नाही.

येणाऱ्या इतर भाषांसाठी पुढे निराळा प्रश्न असतो, हे खरे. २०११ साली शंभरांतील सुमारे २६ जणांनी आणखी एक भाषा येत असल्याचे सांगितले. परंतु आरतीची मराठी ही गोव्याच्या माणसाला नुसती 'येणारी' भाषा आहे काय?

बडोद्याच्या भाषा संस्थेच्या आश्रयाने गणेश देवी ह्यांनी २०१० पासून केलेल्या लोकपाहणीत, सरकारी रेषा बाजूला ठेवून, ७८० भाषा नोंदल्या गेल्या. रेषेखाली काय असते ह्याचे उदाहरण शोधण्यास मराठी माणसाला दूर जावयास नको. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या आसपास आणि लगतच्या मध्य प्रदेशात निहाली बोलली जाते. भाषक असतील दोन-अडीच हजार. ग्रियर्सन ह्यांच्या पाहणीत ती कोरकूबरोबर मुंडा भाषांच्या खंडात ठेवली होती. १९६२ साली कायपर ह्या डच पंडिताने तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात कोरकू, मराठी, द्राविडी असे उसने शब्द भरपूर आहेत. ते वेगळे काढले तरी असा गाभा उरतो की ज्याचे नाते कोणत्याही भाषाकुळाशी नीट जुळलेले नाही.

निहाल माणूस शेजारच्या कोरकूंशी कोरकू बोलतो, बाजारात मराठी किंवा हिंदी बोलतो. पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही ठरली आहे. प्रगणक त्याच्या दाराशी जाऊन तोच प्रश्न विचारील, तेव्हा कोरकू, मराठी, हिंदी ह्यांपैकी कोणतेही नाव त्याने घेतले तरी ते तक्त्यात सापडेल. त्याने 'निहाली' म्हटले, आणि दहा हजारांचा नियम तसाच राहिला, तर तो शब्द 'इतर' ह्या ओळीत जाईल.