ब्रह्मानंद शंखवाळकर: एकही गोल न खाता गोव्याला संतोष ट्रॉफी जिंकून देणारा गोलकीपर

गोलकीपरचं नाव बहुतेक वेळा बॉल हातातून सुटल्यावरच चर्चेत येतं. ब्रह्मानंद शंखवाळकर यांचं नाव झालं ते बॉल अडवल्यामुळे.

जन्म १९५४ चा, गोव्यातल्या ताळगावचा. कारकिर्दीचा मोठा काळ गेला वास्कोच्या साळगावकर क्लबमध्ये. तेव्हा आयएसएलसारखी लीग नव्हती, खेळाडूंचे लिलाव नव्हते. गोव्यात क्लब चालवायचे ते प्रामुख्याने खाण उद्योजक.

आता संतोष ट्रॉफीबद्दल. १९४१ पासून चालत आलेली ही राज्यांच्या संघांची स्पर्धा. यात बंगालचा दबदबा असा की, बाकीच्यांनी फायनल गाठली तरी कौतुक व्हायचं. १९८३ मध्ये कोलकात्यात गोव्याने याच बंगालला गोल करू दिला नाही आणि ट्रॉफी दोघांत वाटून घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये गोव्याने पंजाबला हरवून ट्रॉफी एकट्याने जिंकली. संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही! आणि गंमत बघा, गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये. म्हणजे राज्यांची ही स्पर्धा जिंकली तेव्हा गोवा केंद्रशासित प्रदेश होता.

याच काळात, १९८३ ते १९८६, शंखवाळकर भारताचे कॅप्टनही होते.

सन्मान मात्र निवांत आले. अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला, तोवर ते मैदानातून निवृत्त झाले होते. पद्मश्री मिळाली थेट २०२२ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी.