असईचा उतार

असईचा उतार : जालना जिल्ह्यातील केळना नदी ओलांडण्याची ऐतिहासिक जागा. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात 23 सप्टेंबर 1803 रोजी मेजर जनरल आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याची फौज येथून नदीपार झाली आणि लगोलग असईची लढाई जुंपली. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा वेगळा निघेपर्यंत हा भाग औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात मोडत असे. जुन्या पुस्तकांत असई शोधायची ती त्या जिल्ह्यात.

अजिंठ्याची डोंगररांग हा येथला पाणलोट. रांगेच्या उत्तरेस सोयगाव तालुका. तिकडची वाघूर अजिंठा लेण्यांखालून वाहत तापीच्या खोऱ्यात जाते. दक्षिणेकडच्या केळना आणि जुई पूर्णेच्या, पर्यायाने गोदावरीच्या खोऱ्यातल्या. भोकरदन केळनेच्या काठी आहे. तेथून पूर्वेस केळना आणि जुई एकमेकींकडे सरकत जातात आणि संगमाआधी त्यांच्यामध्ये जमिनीची एक निमुळती जीभ उरते. असई गाव या जिभेवर, जुईच्या अंगाला. इंग्रजी नकाशांत या नद्या कैटना, कैलना, जुआह अशा अवतारांत भेटतात.

युद्धाची वाट सोयगाव तालुक्याला लागून होती. ऑगस्ट 1803 मध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात शिरल्या. या घाटाचा पायथा म्हणजे सोयगाव तालुक्यातले फर्दापूर. असईनंतर पराभूत सैन्य याच घाटाने खाली उतरून खानदेशाकडे गेले. आज जळगावचा महामार्ग तेथूनच जातो.

वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रज फौजेचा सेनानी कर्नल स्टीव्हन्सन 21 सप्टेंबरला बदनापूरजवळ भेटले. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन 24 तारखेला भोकरदनच्या बाजूस एकत्र हल्ला करायचा, असे ठरले. 23 ला सुमारे 14 मैलांची मजल मारून वेलस्ली मुक्कामाच्या जागी पोहोचला, तर शत्रू जेमतेम सहा मैलांवर असल्याची खबर आली. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने पुढे जायचे ठरवले. समोर केळनेच्या उभ्या दरडींआड मराठ्यांच्या कवायती पलटणी उभ्या होत्या : सुमारे 10,800 पायदळ, शंभराहून अधिक तोफा, आणि शिवाय अफाट घोडदळ. वेलस्लीकडची नियमित फौज पाच हजारांच्या आत-बाहेर.

समोरच्या उतारावरून जाणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. म्हणून तो पूर्वेला सरकला. वाटाड्यांनी सांगितले, पुढे उतार नाही. दुर्बिणीतून त्याला मात्र नदीच्या दोन काठांवर जवळजवळ समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. इंग्रज नोंदींत त्यांची नावे पीपुलगाव आणि वरूर अशी आहेत. इतकी जवळ वसलेली माणसे एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय केल्याशिवाय राहिली नसतील, असा त्याने तर्क केला. तपास केल्यावर उतार सापडला. हा किस्सा त्याने उतारवयात स्वतः सांगितला आणि चरित्रकारांनी तो बुद्धिमत्तेचा नमुना म्हणून सजवला. तर्क चोखच होता. पण दोन गावांमधली बैलगाडीची वाट मराठ्यांच्या छावणीत कोणालाच ठाऊक नसेल, हे पटत नाही. त्या वाटेवर चौकी बसली नाही, ही चूक दुर्बिणीइतकीच निर्णायक ठरली, आणि तिच्याबद्दल इंग्रजी ग्रंथ फारसे बोलत नाहीत.

दुपारी तीनच्या सुमारास फौज पाण्यात उतरली. मराठा तोफा तिकडे वळल्या आणि एका गोळ्याने वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके उडवले. तरी उतार रोखला गेला नाही. वेलस्लीचा अंदाज होता की मराठ्यांची फळी नदीकडे तोंड करूनच राहील आणि आपण बगलेवर तुटून पडू. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी, हॅनोव्हरचा अँथनी पोलमन, याने त्याचा हा बेत फसवला. त्याने सबंध फळी काटकोनात वळवून उजवी बाजू केळनेला आणि डावी असईला टेकवली. भर लढाईत एवढे सैन्य असे फिरवणे नुसत्या गर्दीला जमत नाही. या पलटणींत बेगम समरूच्या पलटणीही होत्या.

पुढचे तीन तास तोफांचे होते. ऑरॉक या अधिकाऱ्याची तुकडी चुकून थेट असई गावावर चालून गेली, तिच्यामागे 74 वी हायलँडर पलटण गेली आणि जवळजवळ कापली गेली. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने ती बाजू सावरली. मॅक्सवेल त्याच दिवशी पडला. इंग्रज फौज तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. त्या दिवसातला सर्वांत धाडसी प्रसंग हाच. वेलस्लीचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळपर्यंत मराठा पायदळ जुईपार हटले. घोडदळाचा मोठा भाग दिवसभर जवळपास प्रेक्षकच राहिला. इंग्रजांचे 428 ठार आणि 1,138 जखमी झाले. मराठ्यांची हानी सुमारे 6,000 मानली जाते, आणि 98 तोफा गेल्या.

इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांचे घोडदळही या मोहिमेत होते आणि त्यात बापू गोखले होते. तेच बापू 20 फेब्रुवारी 1818 रोजी आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले.

जखमींना अजिंठा गावच्या तटबंदीत हलवून तेथे इस्पितळ उभारण्यात आले. काही मैलांवरची लेणी मात्र इंग्रजांच्या नोंदीत आली ती 1819 मध्ये, जॉन स्मिथ या अधिकाऱ्यामुळे. युद्ध डिसेंबरात संपले : भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला, आणि अजिंठ्याच्या डोंगरांपासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख गेला. आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे विचारल्यावर वेलस्लीने, म्हणजे वॉटर्लूच्या विजेत्याने, असईचे नाव घेतले, अशी आठवण सांगितली जाते. भारतीय लष्कराच्या मद्रास रेजिमेंटच्या मानचिन्हावर आजही असईचा हत्ती आहे.

   असईला पाहायचे ते नदीचे वळण, दरडी आणि दोन नद्यांमधली काळी जमीन. सोयगावहून येणाऱ्याने अजिंठा घाट चढून सिल्लोड-भोकरदनमार्गे जावे. लढाई पावसाळ्याच्या अखेरीस झाली, म्हणून दरडींचा अंदाज सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगला येतो; पाऊस सुरू असेल तर मात्र काळ्या मातीत गाडी रुतते आणि शेवटचा टप्पा पायीच करावा लागतो. उभ्या पिकातून जाण्याआधी शेतमालकाला विचारावे.