वस्ती रस्ता ओलांडते तेव्हा

अपघाताच्या फिर्यादीत कारण बहुधा एकाच साच्यातले असते : चालकाने वाहन भरधाव व निष्काळजीपणे चालवले. या वाक्याचा माग काढत मी भारतीय दंड संहितेपर्यंत पोहोचलो. भरधाव वाहन हाकण्याचे 279 कलम 1860 च्या मूळ संहितेतले; निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे 304-अ कलम 1870 साली आले. म्हणजे टांगेवाल्यासाठी घडलेले माप पुढे ट्रकचालकाला लागले. त्यातून दोषी माणूस सापडतो. रस्ता घातक कसा झाला, हे मात्र कळत नाही. ते शोधायला शहराचा इतिहास पाहावा लागतो.

धुळ्याचे उदाहरण घ्या. 1818 नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने इथे सरळ रस्ते आणि काटकोनातल्या गल्ल्या आखून पेठ वसवली. मुंबई-आग्रा मार्ग गावातूनच जाई. आज तो बाजाराचा रस्ता आहे, नाव मात्र आग्रा रोडच. महामार्ग पुढे बाहेरून वळवला, तर शहरही त्याच्या मागे बाहेर गेले. अवधानची औद्योगिक वसाहत त्याच महामार्गालगत उभी राहिली.

जळगाव वाढले कापसावर आणि रेल्वेवर. हजिरा-धुळे-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 6 आणि आताचा 53, एके काळी गावाच्या कडेने जाई. वसाहती त्याच्या पलीकडे गेल्या आणि महामार्ग शहराच्या पोटात आला. अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी, प्रभात चौक, शिव कॉलनी ही नावे जळगावकरांना अपघातांच्या बातम्यांमुळेही पाठ आहेत. सुरतेकडे निघालेला ट्रक आणि शाळेला निघालेली सायकल एकाच डांबरावर आली. समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, ती याचमुळे.

वेग हे कारण खरेच आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. मृतांत सुमारे 44 टक्के दुचाकीस्वार होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. पण रुंद, सरळ रस्ता वेगाचे आमंत्रणच देतो, आणि त्यावर चौफुली असली तर ते अंतर मिळत नाही. 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ घाट उतरणारा कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला. किमान दहा जण गेले. ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याला खेटून माणसांची वर्दळ का होती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा.

सरकारी व्याख्येत महामार्गाच्या सुमारे 500 मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. म्हणजे आधी रक्त सांडावे लागते. वस्तीचा नकाशा मात्र धोका आधीच दाखवतो.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198-अ कलम आले. रस्त्याच्या रचनेतील वा देखभालीतील कसुरीने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दीडशे वर्षांनी कायद्याने रस्त्याकडे बोट दाखवले. आता पंचनाम्यातही चार ओळी वाढवाव्यात : वस्ती केव्हा आली, दिवा होता का, ओलांडायला जागा किती दूर होती, आणि ती मागणी कोणाच्या टेबलावर किती वर्षे पडून होती.