बाहुली उघडी ठेवणारा थेंब

डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, तेव्हा कुष्ठरोगावर सल्फोन गटाची औषधं नुकतीच आली होती. डोळा मात्र उपेक्षितच होता. कुष्ठाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात आणि डोळ्याची पुढची बाजू त्यांतलीच. आत सूज येते, बाहुलीभोवतीचा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी उरते आणि नजर जाते. या सुजेत तेव्हा डॉक्टरांचा मुख्य आधार होता अॅट्रोपीनचा थेंब.

तो तेव्हाच शंभर वर्षांहून जुना होता. बेलाडोना या युरोपातल्या झाडापासून जर्मन रसायनतज्ज्ञांनी 1830च्या दशकात हे द्रव्य शुद्ध रूपात काढलं. वऱ्हाडात धुऱ्याधुऱ्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही ते असतं. पण त्याचा रस कुणीही डोळ्यात घालू नये, तो विषारी आहे. अॅट्रोपीन बाहुली मोठी ठेवतं, पडदा चिकटू देत नाही, ठणकाही कमी करतं. मूळ सूज मात्र त्याने जात नाही.

ती उतरवणारं औषध आलं सांधेदुखीच्या वाटेने. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिलं आणि 1950 साली त्यांना नोबेल मिळालं. लगोलग ते डोळ्यांसाठीही वापरात आलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी कलाटणी हीच. पण कॉर्टिसोनसारखं स्टेरॉइड दुधारी आहे : बेहिशेबी वापरलं तर काचबिंदू होतो, मोतीबिंदूही. शिवाय सूज मागे, दृष्टिपटलाकडे असेल तर थेंब तिथवर पुरेसा पोचत नाही. इंजेक्शन किंवा गोळ्या लागतात, आणि त्याआधी क्षयासारखा संसर्ग नाही ना, हे तपासावं लागतं. 2016 साली अमेरिकेत अॅडालिमुमॅब या जैविक औषधाला संसर्गाविना होणाऱ्या अशा सुजेसाठी मान्यता मिळाली. पण अॅट्रोपीन अजून निवृत्त झालेलं नाही.

कुष्ठाचे जंतू आता बहुविध औषधोपचाराने मरतात. तरी उपचार पूर्ण झाल्यावरही डोळ्यात सूज येऊ शकते, म्हणून बऱ्या झालेल्यांचे डोळेही तपासत राहायला हवेत.

आणि इतरांनीही ऐकावं : डोळा लाल आहे, आतून ठणकतो, उजेड सोसवत नाही, धूसर दिसतं, तर ‘डोळे आले’ म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणू नका. अमरावतीचं इर्विन रुग्णालय गाठा, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठा, पण त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.