दुपारचें ताट : मुंबई शहर आणि साष्टी-वसईचीं गांवें

देवळाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत पायाचा दगड, घंटा, वेदी आणि पाद्रीसाहेबांची नामावळी यांस मानाचें स्थान मिळतें, व तें योग्यच आहे. त्या कामास आमच्याहून अधिक अधिकारी लेखक असल्यानें आम्ही वाचकांस थोड्या निराळ्या वाटेनें नेऊं इच्छितो. आपल्या वाडवडिलांपैकीं जे पोटासाठीं मुंबईस गेले, ते तेथें दुपारीं जेवले कोठें, एवढाच आमचा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु शहर आणि उपनगर यांच्या राहणींत जें अंतर पडलें, तें ह्या एका जेवणापासून पडलें असें आम्हांस वाटतें.

साष्टींत काय आणि वसईंत काय, जुन्या काळीं घर आणि कामाची जागा यांत हांकेचें अंतर असे. शेत पलीकडे, वाडी मागें, खाडी किंवा समुद्र पुढें. दुपारीं माणूस तरी घरीं येई, नाहीं तर भाकरी तरी बांधावर जाई. रोजचें जेवण साधें : तांदळाची भाकरी, भात, मासळीचें कालवण, वाडींतली भाजी. पोर्तुगीज अंमल वसईस १५३४ पासून १७३९ पर्यंत राहिला. त्या दोन शतकांनीं पाव दिला, शिर्का दिला, इंद्याल आणि सोरपोतेल दिलें, पण हे सणाचे पदार्थ, नित्याचे नव्हेत. उन्हाळा आला कीं साष्टींतील ईस्ट इंडियन घरांतून मसाला भाजण्याची व कांडण्याची धांदल उडे. अनेक जिन्नसांचा तो मसाला काळपट बाटल्यांत ठासून भरीत, म्हणून त्याचें नांवच ‘बाटली मसाला’ पडलें. पावसाळ्यापूर्वीं बाटल्या भरल्या म्हणजे घरची बाई निर्धास्त होई.

मुंबई तेव्हां पाण्यापलीकडे होती. माहीम व वांद्रें यांमधील खाडींत होड्या उलटून माणसें बुडत. लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनीं द्रव्य दिल्यावर १८४५ सालीं तेथें पूल व रस्ता झाला; लोकांकडून पथकर घेऊं नये अशी त्यांची अट होती. पायीं जाणाऱ्यास शहर असें जवळ आलें. पण खरा फरक आगगाडीनें केला. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. ती सकाळीं पावणेसात वाजतां विरार सोडी आणि सायंकाळीं साडेपांच वाजतां मुंबईहून परत निघे. त्या वेळीं वसई स्टेशनास ‘बसीन’, गोरेगांवास ‘पहाडी’ आणि अंधेरीस ‘अंदारू’ म्हणत. वाचकांनीं ह्या दोन वेळांकडे नीट पाहावें. माणूस न्याहारीनंतर गेला तो दिवेलागणीस परतला. मधली दुपार गांवाची राहिली नाहीं.

त्या दुपारची सोय शहरानें नाना परींनीं केली. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं कापडाची गिरणी स्थापिली, व पुढें परळ-लालबागेकडे गिरण्यांची रांग उभी राहिली. कोंकणांतून व घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलींत दाटीनें राहत. एक पाळीवर गेला कीं दुसरा त्याच जागीं पथारी पसरी. त्यांना चूल कोठची? शेजारची एखादी संसारी बाई त्यांना आपल्या चुलीवर रांधून घाली व पगाराच्या दिवशीं हिशेब घेई. हीच गिरणगांवची खाणावळ. पगार होईपर्यंत धान्य उधार, आणि उधारीसाठीं सावकाराचें व्याज, असा त्या बाईचा जन्म जाई. ह्या बायांचें ऋण शहरानें फार उशिरां ओळखलें. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें, तेव्हां कोठें त्यांच्यांपैकीं अनेकींची मान सावकाराच्या हातून सुटली.

गोव्याहून आलेल्या आपल्या धर्मबंधूंची तऱ्हा निराळी. त्यांनीं धोबीतलाव, माझगांव ह्या भागांत गांवोगांवचे ‘कूड’ उभारले. एका गांवच्या पुरुषांनीं वर्गणी करून घेतलेली ही वसतीची जागा. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, पेटीसमोर झोपण्यापुरती जमीन, आणि मध्यभागीं वेदी. सायंकाळीं जपमाळेस हजर राहिलेंच पाहिजे, असा दंडक असे. बोटीवर चढण्याची वाट पाहणारे खलाशी येथें अल्प भाड्यांत राहत व जेवण बहुधा जवळपासच्या गोंयकार खाणावळींत उरकीत. पण गांवच्या देवळाच्या सणादिवशीं मात्र सर्व कूड एका पंक्तीस बसे. दूर गांवीं घंटा वाजत असतां इकडे मुंबईंत त्याच संताच्या नांवानें ताटें वाढलीं जात, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते. कांहीं कूड आजहि आहेत, पण त्यांची संख्या घटली आहे.

ज्यांचें घर उपनगरांत होतें, त्यांस तिसरा उपाय लाभला, तो डब्याचा. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनीं डबे पोंचविण्याचा धंदा सुरू केला, आणि मावळ-जुन्नरकडच्या गड्यांनीं तो वाढविला. रंगाच्या खुणांवरून डबा ओळखावा व ज्याचा त्याला द्यावा, अशी ही रीत. ह्यायोगें वांद्र्याची चूल फोर्टांतील कचेरींत पोंचली असें म्हटलें तरी चालेल.

मग उलटा ओघ आला. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची सांथ उद्भवली. माणसें शहर सोडून साष्टींत धांवलीं, आणि वांद्र्याच्या गांवठाणांतून सांथ टळावी म्हणून क्रूस उभारले गेले. त्यांपैकीं कित्येक आजहि उभे आहेत. १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. मोकळ्या हवेचा लोभ येथून लागला, व उपनगरांत राहावें, शहरांत राबावें, हा रिवाज पक्का झाला. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली, १९३६ सालीं ती विरारला पोंचली. १९५० व १९५७ ह्या दोन वर्षीं साष्टीचा मोठा भाग बृहन्मुंबईंत सामील झाला. तेव्हांपासून कागदावर शहर आणि उपनगर असा भेद पुष्कळ अंशीं मिटला.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं लेखकांचा ओढा गांवाकडे आहे. तसा तो आहेच. पण एक गोष्ट आम्ही लपवूं इच्छित नाहीं. गांवची पंगत प्रेमाची खरी, तथापि ती आपल्यांपुरती असे. आगेऱ्याच्या सणीं नव्या भाताचीं कणसें देवळांत नेणारे आपण, लग्नांत उंबराचें पाणी वाजतगाजत आणणारे आपण, जाति-जमातींचें कुंपण मात्र देवळाच्या दारापर्यंत बाळगीत आलों. शहरांतहि ‘ब्राह्मणी’ अशी पाटी लावलेल्या खाणावळी होत्या. परंतु याच शहरांत, येझ्द व केरमान प्रांतांतून आलेल्या इराण्यांनीं रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चहाचीं दुकानें थाटलीं. धोबीतलावचें क्यानी १९०४ सालचें. संगमरवरी टेबल, वांकविलेल्या लांकडाची खुर्ची, चहा आणि मस्का लावलेला ब्रून पाव. तेथें जवळ पैसा असला म्हणजे बहुधा गांव आणि जात कोणी विचारीत नसे. अनोळखी माणसाशेजारीं बसून खाण्याची संवय मुंबईकरांस ज्यांनीं लावली, त्यांत आम्ही ह्या इराण्यांना पहिलें स्थान देऊं.

दुसरीहि एक गोष्ट. पावणेसातची गाडी पकडणाऱ्या पुरुषासाठीं घरची बाई किती वाजतां उठत असेल? ‘घरचें जेवण’ म्हणून ज्याची आपण स्तुति करतों, त्यांत तिच्या झोपेचा हिशेब कोणी मांडला नाहीं. आणि घरीं ती बहुधा सर्वांमागून जेवे. खाणावळवालीला निदान महिनाअखेर चार पैसे तरी मोजून मिळत.

आज वसई-विरारकडे स्टेशनाबाहेर पडतांच खाद्यगृहांची रांग लागते. इडली, बिर्याणी, चिनी शेवया, हवें तें मिळतें. रविवारीं मिस्सेनंतर सहकुटुंब हॉटेलांत जाणें आतां कोणास वावगें वाटत नाहीं, आणि आम्हांसहि वाटत नाहीं. त्या दिवशीं घरच्या बाईस विसांवा मिळतो. खेद निराळ्याच गोष्टीचा आहे. ज्या वाड्यांनीं केळीं, पानें, फुलें आणि भाजी पुरवून मुंबईस खाऊं घातलें, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. १९८८-८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उठली, ती ह्याच भयानें. फादर २०२४ सालीं निवर्तले. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, आणि उपनगर म्हणविणारें गांव स्वतःच शहर झालें.

तरीहि उरलेल्या वाड्यांतील भाजी घेऊन आपल्या बाया पहाटेच्या गाडीनें मुंबईकडे जातात. बाजाराच्या कडेला टोपली मांडून बसतात, आणि गिऱ्हाईक ओसरलें म्हणजे तेथेंच, टोपलीआड, घरून बांधून आणलेली भाकरी सोडतात.