आंदणातला किल्ला

सिद्धेश्वर तलावाशेजारचा आपला भुईकोट किल्ला दोनदा आंदणात बोलला गेला. 1524 साली विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम हिचा निकाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी झाला, तोही सोलापुरातच. किल्ला आणि आसपासचा मुलूख देण्याचे ठरले होते, असे अहमदनगरचे म्हणणे. विजापूरने तो दिला नाही. मग सुमारे चाळीस वर्षे दोन्ही दरबार सोलापूरसाठी लढत राहिले. दोघेही मुसलमान, शिवाय सोयरे! बुऱ्हाणने तर विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून किल्ला जिंकला. पुढे विजापूरचा अली आदिलशाह त्याच रामरायाला घेऊन अहमदनगरवर चालून गेला. ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ या चौकटीत हे सारे कसे बसवायचे?

सलोखा झाला तोही लग्नातूनच. हुसेन निजामशाहाने मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला. अलीची बहीण निजामशाही घरात गेली. जानेवारी 1565 मध्ये हेच व्याही तालिकोटच्या लढाईत रामरायाविरुद्ध एकत्र उभे राहिले.

अली 1580 मध्ये मारला गेला. नऊ वर्षांच्या इब्राहिमच्या नावाने विजापूरचा कारभार चांदबिबीने पाहिला. 1595-96 मध्ये अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरला वेढा घालून बसला, तेव्हा खिंडार पडलेल्या तटावर ती स्वतः उभी राहिली. 1600 मध्ये तिला मारले ते मोगलांनी नव्हे. किल्ल्यातल्या तिच्याच माणसांनी.