शोधायला शिकलेली माणसे : देवी निर्मूलनाचा एक अध्याय

आज पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर देवीची लस टोचल्याची खूण अजून दिसते. गावात 'देवी टोचणारे' आले की मुले माळ्यावर, कणगीमागे लपून बसत, ही आठवणही घरातील वडीलधारी मंडळी हसत हसत सांगतात. या देशात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १८०२ साली, एका तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लस होती, टोचणारे होते, सक्तीचे कायदेही होते. आणि तरीही देवी होतीच. हा रोग अखेर १९७५ साली देशातून गेला, त्याचे श्रेय लसीला दिले जाते. ते योग्यच आहे, पण पुरेसे नाही. लस जुनीच होती. नवे होते ते लस घेऊन जाणाऱ्यांना मिळालेले शिक्षण.

केंद्र शासनाने १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. लोकसंख्येच्या ऐंशी टक्के लोकांना लस टोचली की साथ आपोआप थांबेल, असा त्यामागील हिशेब होता. उत्तर प्रदेश आणि बिहारसारख्या दाट वस्तीच्या प्रांतांत उरलेले वीस टक्केही रोगाला पुरून उरले. शिवाय एक दोष असा होता की, तो कोणत्याही तक्त्यात दिसत नसे. ज्याच्या हद्दीत रोगी सापडेल त्या कर्मचाऱ्याने काम केले नाही, असे वरिष्ठ मानीत आणि त्याला जाब विचारीत. साहजिकच रोगी सापडेनासे झाले! कागदावर देवी ओसरत होती, वस्त्यांत मात्र मुले मरत होती.

१९७३ च्या उन्हाळ्यात दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्यांची आरोग्य खाती यांनी मिळून निराळी योजना आखली. सर्वांना टोचत बसण्याऐवजी रोगी शोधावयाचा, त्याला घरातच वेगळे ठेवावयाचे आणि त्याच्या भोवतीच्या सर्वांना तातडीने लस टोचावयाची. यासाठी महिन्यातील एक आठवडा आरोग्य खात्याच्या सर्व कर्मचाऱ्यांनी, मग ते हिवतापाचे असोत वा कुटुंब नियोजनाचे, इतर कामे बाजूस ठेवून गावोगाव हिंडावे असे ठरले. प्रश्न होता तो या हजारो माणसांना शिकविण्याचा. त्यांतील कित्येकांनी साथीचा शोध कधी घेतलेलाच नव्हता.

शिकवणी पायरीपायरीने उतरत गेली. राज्याच्या राजधानीत जिल्ह्याचे अधिकारी शिकले, त्यांनी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना शिकविले आणि त्या डॉक्टरांनी आपल्या कर्मचाऱ्यांना. शेवटच्या माणसाच्या हाती एक रंगीत चित्र दिले जाई. त्यावर देवी आलेल्या मुलाचे छायाचित्र असे. 'रोगी आहे काय?' असे विचारल्यास 'नाही' हे उत्तर ठरलेले. चित्र दाखवून 'असे फोड आलेले मूल कुठे पाहिले काय?' असे विचारल्यास माणसे बोलू लागत. विचारावयाचे तेही पाटील-सरपंचांनाच नव्हे. शाळेतील मुले, चहाच्या टपरीवरची गिऱ्हाइके आणि आठवडी बाजारात आलेल्या बाया यांना गावची खरी बातमी ठाऊक असते, हा धडा आवर्जून दिला जाई.

देवी आणि कांजिण्या यांतील भेद हा त्या शिकवणीचा गाभा होता. देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर दाट, तळहात-तळपायांवरही येतात आणि एका भागातील सगळे एकाच अवस्थेत असतात. कांजिण्यांचे फोड अंगावर अधिक, काही ताजे तर काही सुकत आलेले. पुरळ कोणत्या दिवशी उठले हे विचारून सुमारे दोन आठवडे मागे जावयाचे आणि त्या सुमारास रोगी कोणाच्या घरी, कोणत्या लग्नाला, कोणत्या गाडीने गेला होता याचा माग काढावयाचा. त्यामानाने दोन टोकांच्या सुईने पंधरा वेळा टोचणे ही सर्वांत सोपी गोष्ट होती. ती काही मिनिटांत येई. लोक रोगाला मातेचा संचार मानीत. त्यांच्या श्रद्धेचा उपमर्द न करता बोलणे मात्र अनेकांना अनुभवानेच साधले.

ऑक्टोबर १९७३ मधील पहिल्या शोधात उत्तर प्रदेश व बिहार मिळून सुमारे दहा हजार नवे रोगी उघडकीस आले. अधिकारी हादरले. पण हे आकडे साथ वाढल्याचे नव्हते, डोळे उघडल्याचे होते. पुढील उन्हाळ्यात बिहारमध्ये साथ भडकली. टाटानगरच्या रेल्वे स्थानकावरून ती दूरवर पसरली. १९७४ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ८८ हजार रोगी आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. पुन्हा सरसकट टोचणीकडे वळावे असा आदेश निघण्याची वेळ आली होती. त्या बैठकीत बिहारमधील एका तरुण डॉक्टरने सांगितले की, गावात एखाद्या घराला आग लागली तर पाणी त्याच घरावर टाकतात, सगळ्या घरांवर नव्हे. मोहिमेतील अमेरिकन तज्ज्ञ डॉ. विल्यम फेगी यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. त्या महिन्यापुरती योजना वाचली, आणि तेवढा अवधी पुरला.

शिकविले ते उतरले की नाही, याची पडताळणी हा या कार्यातील सर्वांत शहाणा भाग म्हणावा लागेल. शोध झाल्यावर निराळीच माणसे निवडक गावांत जाऊन विचारीत : कोणी आले होते काय? चित्र दाखविले काय? बक्षिसाची रक्कम किती? जेथे उत्तरे मिळत नसत तेथे शोध पुन्हा होई. रोगी कळविणाऱ्यास बक्षीस मिळू लागल्यावर जुना हिशेब उलटला आणि रोगी दाखविणे हेच काम ठरले. बक्षीस वाढत वाढत १९७५ मध्ये एक हजार रुपयांवर गेले. रोग्याच्या दारात रात्रंदिवस पहारेकरी बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला लस टोचल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे.

मे १९७५ मध्ये बिहारच्या कटिहार जिल्ह्यात देशातील शेवटचा स्थानिक रोगी सापडला, आणि त्याच महिन्यात आसामातील करीमगंज येथे बांगलादेशातून आलेली एक स्त्री. शोध मात्र त्यानंतरही चालूच राहिला. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा दिला.

ती माणसे पुढे आपापल्या खात्यांत परतली, निवृत्त झाली, आणि विद्याही विरत गेली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. पाठोपाठ सुरतेत साथ उठली आणि लाखो लोक शहर सोडून गेले, तेव्हा रोग नेमका कोणता यावरच दीर्घकाळ वाद चालला. त्यानंतर २००१ पासून चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातील बराचसा काळ विद्यार्थी वर्गाबाहेर, प्रत्यक्ष साथीच्या गावी असतो.